बाळाची मालिश आणि दाराबाहेरचा बाप

माझ्या पहिल्या मुलीची मालिश मी एकदाही पाहिली नाही. ऐकली मात्र रोज. सकाळी साडेआठच्या सुमारास मागच्या खोलीचं दार लावलं जायचं, आतून गरम तेलाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास यायचा, आणि मग अर्धा-पाऊण तास तिचं रडणं. मी ओट्यावर मोबाईल बघत बसलेलो असायचो. रडणं फारच वाढलं की अम्मीला विचारायचो, "इतना कायकू रो री?" अम्मी आतूनच म्हणायची, "रोने दे. रोने से फेफडे खुलते." माझं काम संपायचं. मी कामावर निघून जायचो.

मी वसमतला एका आडतीवर हिशेब लिहितो. बायकोची आई हयात नाही, म्हणून पहिलं बाळंतपणही आमच्याच घरी झालं. चिल्ल्याचे चाळीस दिवस घर बायकांनी भरलेलं होतं आणि त्या घरात मला जागा नव्हती, असं मी बरेच दिवस सांगत आलो. हे खरं नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. मी स्वतःच दाराबाहेर उभा होतो, कारण तिथे उभं राहणं सोयीचं होतं.

अकराव्या दिवशी मुलीच्या छातीची डावी बाजू लाल झाली, सुजली, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. रात्री ताप चढला. आम्ही तिला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी कपडे काढून एकदाच पाहिलं आणि विचारलं, "छाती कुणी दाबली होती का?" मी म्हणालो, नाही. बायको म्हणाली, हो.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की नवजात बाळाची, मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी फुगलेली असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. आईच्या पोटात असताना आईचे हार्मोन बाळाला मिळालेले असतात, त्यामुळे तसं होतं. कधी दुधासारखा थेंबही येतो. हात न लावता सोडून दिलं की काही आठवड्यांत आपोआप बसतं. पण आपल्याकडे समजूत अशी, की ते 'खराब दूध' पिळून काढलं नाही तर मुलीची छाती पुढे बिघडते. मग मालिश करताना दाबून काढतात. दाबल्याने आतल्या नाजूक गाठीला इजा होते, जंतू शिरतात, गळू होतं. माझ्या अकरा दिवसांच्या मुलीला चिरा द्यावा लागला. आठ दिवस आम्ही दवाखान्यात होतो.

छाती दाबली होती ती आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईने. चिल्ल्यासाठी म्हणून त्या आल्या होत्या, प्रेमाने सगळं करत होत्या. बायकोने त्याच रात्री मला नाव सांगितलं. पण घरी परतल्यावर बैठक बसली तेव्हा बोट गेलं ते मालिश करणाऱ्या मावशीकडे. "उसके हातच गंदे," कुणीतरी म्हणालं. मावशी फक्त हातपाय आणि पाठ चोळायची, छातीला तिने बोटही लावलं नव्हतं. हे मला माहीत होतं. मी गप्प बसलो. वडीलधाऱ्यांसमोर कोण बोलणार, आणि मावशी काय, परकीच. तिला दुसऱ्या दिवसापासून बोलावणं बंद झालं. ठरलेली साडी आणि महिन्याचे पैसेही दिले नाहीत.

मावशी मातंग समाजाची. आमच्या गल्लीतल्या निदान दोन पिढ्यांच्या, मुसलमानांच्या आणि हिंदूंच्या, लेकरांना तिने न्हाऊमाखू घातलं आहे. त्यात मीही आलो. आमच्या दादीच्या वेळी तर बाळंतपणही तीच करायची, नाळ तीच कापायची. आणि त्याच दादीच्या स्वयंपाकघराबाहेरच्या कोनाड्यात मावशीचा कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. चहा पिऊन झाला की ती तो स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायची. दादी पाच वक्त नमाजी होती, अल्लाहसमोर सगळे सारखे असं आम्हाला शिकवायची, आणि कप वेगळा होता. लहानपणी मला यात काही खटकलं नाही. आपल्यात जात नाही, असं आपण फार सहज म्हणतो. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हापासून आपल्या आपल्यातल्या जातींवर थोडंफार बोललं जातं. पण कोनाड्यातल्या कपावर अजून कुणी बोलत नाही. ज्या हातांनी आपल्याला पहिली अंघोळ घातली, त्या हातांना आपण दुसरा कप देत होतो.

मुलगी बरी झाली. आता चार वर्षांची आहे, छातीवर बारीक वण आहे. या डिसेंबरात मुलगा झाला, तोही सिझरने. बायकोला पंधरा-वीस दिवस खाली बसून वाकणं शक्य नव्हतं. अम्मीचे गुडघे गेलेले. वडीलधारी बाई यायला तयार होत्या, बायकोने स्पष्ट नको म्हटलं. एक रील बघून मी तेल आणून ठेवलं होतं, पण हात लावायची हिंमत होत नव्हती. शेवटी एका संध्याकाळी मी मावशीच्या घरी गेलो.

माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं. मी राहिलेले पैसे आणि एक साडी पुढे ठेवली. तिने साडी बाजूला सारली आणि विचारलं, "लेकरू कसंय?" मला वाटलं नव्या बाळाबद्दल विचारते आहे. ती मुलीबद्दल विचारत होती. मी म्हटलं, मावशी, त्या वेळी मला माहीत होतं, मी बोललो नाही. ती म्हणाली, "मला बी माहीत व्हतं की तुला माहीत हाय." मग थोडा वेळ दोघंही गप्प. तिची नजर अधू झाली आहे, हात थरथरतात, आता ती मालिश करत नाही. मीच म्हणालो, तू करू नकोस, मला शिकव. तेव्हा मात्र ती हसली. "बाप्या माणूस शिकणार?"

ती चार दिवस आली. खुर्चीवर बसायची, मी खाली चादरीवर.

पहिल्या दिवशी तिने मला बाळाला हातच लावू दिला नाही. "डोळे मीट आणि पापणीवर बोट ठेव. आता दाब. जितकं डोळ्याला सोसतं तितकंच लेकराला सोसतं." मालिशीबद्दल मी नंतर बरंच काही वाचलं, डॉक्टरांना विचारलं, पण दाब किती द्यावा हे याहून चांगलं कुणी सांगितलेलं नाही. आपल्याकडे मालिश म्हणजे रगडणं. कणीक मळल्यासारखं बाळ मळायचं, पाय डोक्याला लावायचे, उलटं धरून झटका द्यायचा, नाक ओढून सरळ करायचं, डोकं दाबून गोल करायचं. जितकं रगडाल तितकी हाडं मजबूत, असा हिशेब. हाडं रगडून मजबूत होत नाहीत. त्यासाठी आईचं दूध आणि ड जीवनसत्त्व लागतं, म्हणून तर बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात. डोक्याचा आकार काही आठवड्यांत आपोआप येतो, नाक आई-बापाच्या वळणावर जातं. आणि बेसन-हळदीच्या उटण्याने रंग उजळतो हे तर मी रोज हळदीच्या पोत्यांत वावरणारा माणूस खात्रीने सांगतो की होत नाही. आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रंग उजळवण्यासाठी नाही मिळालेलं.

दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. अंगठी काढली, नखं कापली, हात साबणाने दोनदा धुतले (हळद तरीही नखांच्या कडेला राहतेच). डिसेंबरची थंडी होती, म्हणून खोलीचं दार-खिडकी लावली, पंखा बंद, बाळाखाली जाड चादर. दूध पिऊन तासभर झालेला, बाळ जागं आणि शांत. दूध पिल्यावर लगेच केलं तर उलटी होते, उपाशी असताना केलं तर रडतं, झोपेत तर करूच नये. तेल बाळाच्या अंगावर ओतायचं नाही. आपल्या तळहातावर चार थेंब घ्यायचे, हात एकमेकांवर चोळून ऊब आणायची, आणि मग पाय. नेहमी पायापासून. तिथे बाळाला कमी भीती वाटते, मावशीचं म्हणणं. मांडीपासून पावलापर्यंत, मग पाऊल, एकेक बोट. मग हात. छातीवर फक्त तळवे, मधून बाहेर, पुस्तकाची पानं सरळ करावीत तसे, कुठेही दाब नाही. पोटावर नाळ गळेपर्यंत हात लावायचा नाही. नाळेला तेलही नको, हळदही नको, राखही नको, ती कोरडी राहू द्यायची. गळून जागा सुकली की मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, बाळाच्या उजवीकडून डावीकडे, हलके गोल. वायू सरायला त्याने मदत होते असं म्हणतात, आमच्या बाबतीत तरी झाली. शेवटी पालथं घालून पाठ. चेहऱ्याला तेल नाही.

चौथ्या मिनिटाला त्याने मान फिरवली, ओठ काढले आणि रडायला लागला. मी घाईघाईने पुढे करणार तोच मावशी म्हणाली, "थांब. आज एवढंच." मी म्हटलं, अजून पाठ राहिली. "राहू दे. तो नको म्हणतोय. नको म्हटलेलं ऐकायला शीक आधी."

मला दाराबाहेरची ती सगळी सकाळ आठवली. अर्धा-पाऊण तास माझी मुलगी नको म्हणत होती.

मावशीचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही, आणि हे लिहिलं नाही तर मी तिला देवत्व दिल्यासारखं होईल. कानात तेलाचे दोन थेंब घालायलाच हवेत, असा तिचा आग्रह. यावर आमचं भांडण झालं. कानात, नाकात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो, आणि तो नेहमीच्या औषधांनी सहजी हटत नाही. कानाचं तिने ऐकलं, म्हणाली, "शिकलेले तुम्ही." टाळूचं नाही ऐकलं. टाळू तेलाने 'भरावी' लागते ही समजूत तिच्यात खोल आहे. डोक्याची पुढची टाळू हाड वाढून दीड वर्षापर्यंत आपोआप भरते, तेल थापून भरत नाही. शेवटी मी बोटाने हलकं तेल लावतो, थापत नाही, आणि ती बघून न बघितल्यासारखं करते. धुरी बंद केली, कारण तो धूर बाळाच्याच छातीत जातो. सुरमा-काजळही बंद. सुरम्यात शिसं असू शकतं आणि शिसं लेकरांच्या मेंदूला घातक आहे. यावर अम्मी आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. गुटीचंही तसंच. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, हे तिला आशाताईंनी येऊन सांगितलं तेव्हाच पटलं. आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी येतात, बाळाचं वजन-तापमान बघतात. त्या आल्या की आपण बापे लोक उठून बाहेर जातो. बसून राहा, विचारा. त्यांना आवडतं.

आता तेलाचं. आपल्या मराठवाड्यात एकेकाळी खायचं तेल म्हणजे करडईचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' नावाचं करडईचं वाणही काढलं. मग सोयाबीन आलं आणि करडई शेतातून जवळजवळ हद्दपार झाली. मावशी म्हणाली, करडईचं आण, आणि मी गावभर हिंडून एका लाकडी घाण्यावरून आणलं. नंतर मला सापडलं ते वाचून मजा वाटली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २००५ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. त्यांनी १२० नवजात बाळांचे तीन गट केले. एका गटाला करडईचं तेल, दुसऱ्याला खोबरेल, तिसऱ्याला तेल नाही. ५ मिली तेल, दिवसातून ४ वेळा, ५ दिवस. मग रक्त तपासलं. तेलातली स्निग्धाम्लं कातडीतून बाळाच्या रक्तात पोचली होती. करडईच्या गटात शरीराला बाहेरूनच मिळवावी लागणारी आवश्यक स्निग्धाम्लं वाढली होती, खोबरेलच्या गटात संपृक्त. म्हणजे बाळाला जे चोळतो ते थोडंफार त्याच्या आतही जातं. भडक वासाचं, रंगाचं तेल आणताना हे लक्षात ठेवलेलं बरं. त्याच वर्षी मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दाखवलं की दिवस न भरलेल्या बाळांना खोबरेलने मालिश केली तर त्यांचं वजन मिनरल ऑइलच्या मालिशीपेक्षा जास्त वेगाने वाढतं. बाजारातलं बाटलीबंद बेबी ऑइल बहुतेक वेळा मिनरल ऑइलच असतं. तुमच्याकडे करडई नसेल तर साधं खोबरेल पुरे. कोणतंही तेल आधी पायावर थोडंसं लावून एक दिवस वाट पाहावी.

मालिशीचे फायदे सांगणारे लोक नेहमी अमेरिकेतल्या मायामीचं उदाहरण देतात. तिथे टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये दिवस न भरलेल्या बाळांना दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालिश केली आणि त्यांचं वजन इतर बाळांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढलं. ही बाळं दवाखान्यात होती आणि मालिश करणारी माणसं शिकलेली होती, हे विसरून चालणार नाही. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळांबद्दलच्या अभ्यासांचा कोक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये आढावा घेतला, तेव्हा पुरावा कमकुवत निघाला. तेव्हा मालिश केली नाही म्हणून कुणाचं बाळ मागे पडत नाही. एकट्याने, भाड्याच्या खोलीत, पुण्यात किंवा हैदराबादला लेकरू वाढवणाऱ्या आपल्या मुलींना हे सांगायला हवं. आणि बाळ कमी वजनाचं असेल, दवाखान्यातून नुकतं आलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश नको. त्याला आधी उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, कांगारू पद्धत म्हणतात ती. तीही बापाला करता येते. ताप असेल, अंगावर पुरळ असेल तर मालिश नाही. लस दिली असेल तर ती मांडी तेवढी सोडायची.

मग मी मालिश का करतो? त्या पंधरा मिनिटांत तो माझ्याकडे बघतो म्हणून. दुसरं कारण मला देता येत नाही.

एक गंमत सांगतो. फ्रेडरिक लबॉये नावाचे फ्रेंच डॉक्टर सत्तरच्या दशकात कोलकात्यात होते. तिथे एक गरीब बाई जमिनीवर पाय पसरून आपल्या बाळाची मालिश करताना त्यांना दिसली. त्यांनी तिचे फोटो काढले, १९७६ मध्ये पुस्तक केलं आणि त्याला तिचंच नाव दिलं, 'शांताला'. ते पुस्तक जगभर गेलं. आज तिकडे आई-बाप पैसे भरून वर्गाला बसतात आणि तेच शिकतात. आपण मात्र जिच्याकडे ही विद्या आहे तिच्याशी साडी-चोळीवरून घासाघीस करतो.

चौकात माझी खबर पोचायला दोन दिवस लागले. "सुना है दाई बन गया रे तू." "जोरू का गुलाम." एकाने गंभीरपणे समजावलं की मर्दाचे हात सख्त असतात, बच्चे को लगता है. त्याचं गॅरेज आहे. दिवसभर तो कार्ब्युरेटरचे तांदळाएवढे स्क्रू चिमटीत धरून बसवतो, तेव्हा हात सख्त नसतात. दुसरा म्हणाला, हे आपल्यात नसतं. मी त्याला अक्रा बिन हाबिस यांचा प्रसंग विचारला. तो त्यालाही माहीत होता, बुखारीतला आहे. हुजूर नातवाचं चुंबन घेतात हे पाहून अक्रा म्हणाले की मला दहा मुलं आहेत, मी एकाचंही कधी चुंबन घेतलेलं नाही. त्यावर त्यांना जे उत्तर मिळालं ते आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा तरी ऐकलं आहे: जो रहम करत नाही त्याच्यावर रहम केला जात नाही. नात उमामाला खांद्यावर घेऊन नमाज पढल्याची हदीसही सगळ्यांना पाठ आहे. पाठ आहे, पण आपलं लेकरू ओलं झालं की आपण हाक मारतो, "अरे, इसको लेव." मित्र म्हणाला, वो अलग बात है. मी वाद वाढवला नाही. परवा त्याने हळूच विचारलं, तेल कौनसा बोला तू?

हे फक्त हौसेचं नाही, वेळेचंही आहे, हे मी मान्य करतो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वाची १५ दिवस रजा मिळते. गॅरेजवाल्याला, गाडा लावणाऱ्याला, सेंट्रिंगच्या मजुराला, आडतीवरच्या मुनिमाला ती कुठली? आपल्या वस्त्यांतले बहुतेक बाप याच कामांत आहेत. पण पंधरा मिनिटं आपण चौकात रोज घालवतो, तीही खरी आहेत.

मावशीसारख्या बायांचं काय करायचं, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात गेली. ते चांगलंच झालं, त्याने जीव वाचले. पण सुईणींचं काम गेलं आणि त्यांच्या हाती मालिश तेवढी उरली. या बायांना कुणी काही शिकवलं नाही. आम्ही फक्त त्यांना अडाणी म्हणालो. याउलट गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात काय केलं ते पाहा. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई घरी येतात ते त्यातूनच. मग मालिश करणाऱ्या बायांना उपकेंद्रात दोन दिवस बोलावून छाती दाबू नका, नाका-कानात तेल नको, रडलं की थांबा, एवढं शिकवायला काय हरकत आहे? आपल्या संघटना रक्तदान शिबिरं घेतात, करिअर मार्गदर्शन घेतात. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव अशा पाच ठिकाणी हे एक शिबिर घ्यायला खर्च फार नाही. शिकवायला सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर मिळतील. शिबिराला येणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोज मात्र द्यायला हवा. आणि सासवांनाही बसवा, कारण दाबणारे हात पुष्कळदा घरातलेच असतात. आमच्या घरात तर होतेच.

मी मावशीला चार दिवसांचे आडतीवरच्या हमालाच्या रोजाप्रमाणे पैसे दिले. ती म्हणाली, जास्त झाले. मी म्हटलं, भाव बाजाराचा आहे. तिची नात नर्सिंगला आहे आणि तिला हे काम अजिबात करायचं नाही, हे मावशीने अभिमानाने सांगितलं. बैठकीत जे बोलायचं होतं ते मी चार वर्षांनी बोललो, त्या वडीलधाऱ्या बाईंच्या समोर, अम्मीच्या समोर. कुणी उत्तर दिलं नाही. त्या थोड्या वेळाने उठून गेल्या. संबंध ताणले गेले आहेत, अजून सुटलेले नाहीत.

शेवटच्या दिवशी अम्मीने चहा केला. सगळ्यांचे कप एकाच ट्रेमध्ये होते. मावशीने चहा पिऊन कप उचलला आणि सवयीने मोरीकडे निघाली. अम्मी म्हणाली, "रख दे वां, मै धोती." मावशीने कप हातातून सोडला नाही. दोघी थोडा वेळ तशाच उभ्या होत्या, मग मीच तो घेतला.

आता हळदीची आवक सुरू होईल. मग सकाळी सातलाच आडतीवर जावं लागेल, म्हणून मालिश मी मगरिबनंतर करायला लागलो आहे. मुलगी शेजारी बसते आणि तिच्या बाहुलीच्या पायाला तेल लावते. त्याला दोन्ही वेळा चालतात.